वीतभर गिलावा

१

बांधकाम उभं करणं सोपं असतं, संपवणं अवघड. पाया खणताना चाळीस माणसं असतात, भिंती चढताना सगळा गाव बघायला येतो, आणि कडीकोयंड्याची वेळ आली की जो तो पांगतो. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, ते शेपूट ओढायला मागे राहतो फक्त ओव्हरसियर. मी सतरा वर्षं शेपटं ओढली, तेव्हा हे माझ्याकडून ऐकलेलं बरं.

रिहे गावच्या दवाखान्याचं काम एकोणसाठ सालच्या मार्चात असंच शेवटाला आलं होतं. पुढे दवाखान्याच्या दोन खोल्या, मागे नर्सबाईंना राहायला दोन, मध्ये पडवी. गवंडी, सुतार, मजूर, सगळे दुसऱ्या कामांवर गेलेले. राहिलो मी, बहिरू गवंडी आणि घमेलं उचलायला धोंडाबाई. सकाळी आठला मी वही घेऊन फेरी मारायचो. प्रत्येक दार उघडून लावायचं, गिलाव्यावर बोटाचं पेर वाजवून पोकळ लागतो का ते बघायचं, फरशीवर तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातं ते पाहायचं. खोट दिसली की वहीत नंबर घालून लिहायची, दुरुस्त झाली की तिच्यावर तांबडी रेघ. बारा मार्चला वहीत एक्केचाळीस कामं उरली होती. मार्चअखेर तिथे 'निरंक' लिहायचं होतं.

का, तर त्या मागच्या खोल्यांत माझी बहीण राहायला येणार होती. चंद्रा. लग्नाला वर्ष होतंय तोवर नवरा विषमज्वरानं गेला, आणि पुढची सहा वर्षं तिनं सासरी माजघराच्या कोपऱ्यात काढली. मी भांडून तिला पुण्याला नर्सिंग शिकायला घातलं. आता नेमणूक झाली होती, पण हुकमात स्पष्ट लिहिलं होतं की मार्चअखेर इमारत ताब्यात आली नाही तर जागा दुसऱ्या तालुक्यात जाईल आणि नेमणूक रद्द होईल. म्हणजे चंद्रा परत सासरच्या कोपऱ्यात. आपल्या हातानं आतून कडी लावता येईल अशी खोली तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळणार होती, आणि ती मीच बांधत होतो.

एक्केचाळीसपैकी सतरावं काम असं होतं : मागची आतली खोली, कोनाड्याच्या वर वीतभर गिलावा बाकी.

"बहिरू, हे राहिलंय," मी म्हटलं.

"राहिलं न्हाई. ठिवलंय."

बहिरू साठीचा, हाडकुळा माणूस. कामाला सोनं, पण तोंडाला काटा. मी विचारलं, कशाला ठेवलंय.

"माज्या बानं ठिवलं, त्याच्या बानं ठिवलं. मानूस ऱ्हायचा आसंल त्या घरात येक वीत काम उरवायचं. पुरं करायचं न्हाई."

"आणि केलं तर?"

"आमी कवा केलंच न्हाई साहेब. मंग काय हुतंय ते ठावं कसं आसंल?"

मला जास्तच राग आला. उद्या संध्याकाळपर्यंत ते भरलेलं दिसलं पाहिजे, असं बजावून मी पौडला घरी गेलो.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडून आत गेलो तर कोनाड्यावरची जागा भरलेली. ओला, गुळगुळीत गिलावा. मी खूश झालो. म्हातारं तोंडानं कुरकुरतं, पण ऐकतं, असं मनात म्हटलं आणि सतरा नंबरवर तांबडी रेघ ओढली.

नऊला बहिरू आला. कोनाड्यासमोर उभा राहिला आणि हातोडी काढून ती जागा फोडायला लागला.

"डोकं फिरलं काय तुझं? कालच केलंस ना?"

"म्या न्हाई केलं."

"मग कुणी केलं? कुलूप लावून किल्ली मी घेऊन गेलो होतो."

"त्येच म्हन्तोय मी," तो म्हणाला, आणि ठोकत राहिला.

मी काही बावळट नाही. कौलं उचलून कुणीही आत उतरू शकतं, आणि बहिरू गवंडीच आहे, त्याला छप्पर काय नवीन. आपलं म्हणणं खरं करायला म्हाताऱ्यानं हे नाटक केलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. एवढंच होतं, की चुना मळायची घाणी महिन्यापूर्वी बंद झाली होती आणि उरलेला चुना कोठीत, दुसऱ्या कुलपात होता. ते कुलूप काढून पाहिलं. चुन्यावर वाळलेली साय तशीच होती, त्याला थापी लागलेली नव्हती.

धोंडाबाई पडलेले तुकडे घमेल्यात भरत होती. एक मोठा तुकडा तिनं उजेडाला धरला. त्यावर थापीची रेघ नव्हती, तळव्यानं घासल्याच्या खुणा होत्या. तिनं आपला तळवा त्यावर ठेवून बघितला.

"बाईचा हात हाय," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिला माझ्या मनातलं कळलं.

"माज्याकडं नगा बगू. मी घमेली उचलते, गिलावा न्हाई करत."

त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत आली नाही. घमेलं उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि बहिरूला म्हणायची, भर तूच.

३

त्यानंतर रोज तेच. सकाळी मी कुलूप काढायचो, जागा भरलेली असायची. बहिरू यायचा आणि फोडायचा. सतरा नंबरवरची रेघ मला खोडावी लागली. मी बोललो की म्हणायचा, मग मी चाललो, दुसरा गवंडी बघा. मार्चात गवंडी मिळणं म्हणजे वाघिणीचं दूध, म्हणून मी गप्प बसायचो. पण एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही, ती इथे सांगतो. पहिल्या दिवशी गिलावा लोण्यासारखा निघाला होता. पाचव्या दिवशी बहिरूला तो काढायला अर्धा तास लागला, आणि निघालेले तुकडे वीस वर्षांच्या भिंतीचे असावेत तसे कडक होते.

अठरा तारखेला चंद्रा जागा बघायला आली. घोटावड्याच्या फाट्यावर एस.टी. सोडून बैलगाडीनं. सगळ्या खोल्या हिंडली, चुलीपाशी बसून बघितलं, खिडकीतून भाताची खाचरं बघितली.

"दादा, मी म्हणजे आयत्या बिळावर नागोबा," ती हसून म्हणाली. "सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, नि तू तर वेळेवर उरकतोयस."

आतल्या खोलीत तिनं भिंतीवर हात ठेवला. "इथे एक खुंटी पाहिजे होती रे. लुगडं अडकवायला. तुमच्या खुंट्या सगळ्या तुमच्या उंचीच्या." मी म्हटलं, नकाशात नाही, पुढे बघू. ती ठेंगणी आहे, लहानपणापासून आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. त्यावरून पुन्हा चिडवलं आणि तिला गाडीत बसवून दिलं.

वीस तारखेला बघतो तर, तिनं हात ठेवला होता बरोबर त्या जागी खुंटी. सागवानी, घासून गुळगुळीत केलेली.

बहिरूला विचारलं तर तो म्हणाला, "मी काय सुतार हाय व्हय?"

आणि एवढ्यावर थांबलं नाही. नऊ नंबरचं दार फरशीला घासत होतं, ते घासायचं थांबलं. रंधा मारला असता तर खाली भुसा पडायला हवा होता, तो नव्हता. चौदा नंबरची मोरी उलटी वाहत होती, ती सरळ वाहू लागली. तेवीस नंबरच्या खिडकीला काच बसली. मी रोज फेरी मारायचो आणि रेघा ओढत जायचो. आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन, तशी माझी गत झाली. कबूल करतो, मी कुणालाही काही विचारणं सोडून दिलं. ज्याला मार्चअखेर 'निरंक' लिहायचं असतं तो काम कुणी केलं हे फार खोदून बघत नाही. पण माझ्या लक्षात आलं होतं, की आपोआप झालेली सगळी कामं मागच्या दोन खोल्यांतली होती. पुढे दवाखान्यात एक खिळाही हलला नव्हता.

४

पंचवीस तारखेला मी शहानिशा करायची ठरवली. भीती वाटली म्हणून नव्हे, राग आला म्हणून. कुणीतरी मला खेळवतंय आणि ते ह्या दोघांपैकीच कुणीतरी आहे, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

दुपारी बहिरूनं जागा फोडली, तसं मी दोघांनाही बाहेर काढलं. सगळी दारं लावली, पुढे कुलूप घातलं, आणि मागच्या आंब्याखाली तिघं भाकरी खायला बसलो. तिथून मागच्या खोलीची खिडकी आणि सगळं छप्पर दिसत होतं. ऊन लख्ख होतं. खाचरं मोकळी, वारा नाही, कुत्रंसुद्धा कुठे भुंकत नव्हतं.

बहिरूनं कांदा फोडला. तेवढ्यात आवाज आला.

भिंतीवर तळवा फिरवल्याचा आवाज. सरसर, मग थांबून सरसर. सारवताना बाईचा हात फिरतो त्या गतीनं, घाई नाही, कंटाळा नाही. मी बहिरूचे हात बघितले. एका हातात कांदा होता, दुसऱ्यात भाकरी. धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला होता. छपराचं एक कौल हललेलं नव्हतं.

मी उठलो. पुढे जाऊन कुलूप काढलं. आतल्या खोलीच्या दाराशी पोहोचलो तेव्हा आवाज थांबला. जागा भरलेली, ओली. खोलीत कुणी नव्हतं, आणि तरी ती रिकामी वाटत नव्हती. चुन्याचा वास यायला हवा, तर वास येत होता खोबरेल तेलाचा, ऊन पाण्याचा, धुऊन वाळत घातलेल्या लुगड्याचा. रोज कुणी राहतं त्या खोलीला येतो तो वास. मला चक्क वाटलं, की न विचारता कुणाच्या तरी घरात आपण शिरलो, आणि मी चपला काढायला वाकलो. मग भानावर आलो आणि बाहेर पडलो.

"कोण आहे रे ते?" मी बहिरूला विचारलं.

"मला न्हाई ठावं, साहेब."

"तुझ्या बानं काही सांगितलं असेल."

"येक वीत उरवायचं म्हनला. दुसरं काय बी न्हाई. मी इचारलं बी न्हाई." त्यानं भाकरी फडक्यात बांधली. "येवढं मातुर दिसतंय, की तिला लई घाई झालीया."

त्यानं 'तिला' म्हटलं, आणि मी ते ऐकून सोडून दिलं.

५

तीस तारखेला तपासणी होती. मोठे साहेब दहाला जीपनं येणार, आणि दुपारच्या गाडीनं चंद्रा सामान घेऊन. मी सातलाच पोहोचलो. वहीत चाळीस रेघा होत्या. कोनाड्यावरची जागा भरलेली होती, आणि आज ती बाकीच्या भिंतीपासून वेगळी काढता येत नव्हती. सांधा दिसत नव्हता.

बहिरू हातोडी घेऊन आला. मी दारात आडवा झालो.

"आज नाही."

"आजच फोडाय पायजे."

"बहिरू, तीन तासांनी साहेब येतोय. भिंतीला भोक दाखवू त्याला? जागा गेली तर माझी बहीण कुठे जाईल?"

त्यानं हातोडी खाली केली. मग हळू बोलला. मला वाटतं सबंध कामात तो माझ्याशी एवढा मऊ एकदाच बोलला. "बरं, हितं नगं. दुसरीकडं कुटं तरी उरवा. येक कौल काढून ठिवा. येक खिळा उपसा. साहेबाला दिसायचं बी न्हाई. पर पुरं करू नगा, बाई ऱ्हायची हाय हितं."

एक कौल. किती सोपं होतं. त्याला काय लागलं असतं, शिडी आणि दोन मिनिटं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुरं झालेलं काम कधी मोडलं नव्हतं, आणि एका अडाणी म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून साहेबाच्या तोंडावर मोडायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि त्याला घरी जा म्हटलं. तो गेला नाही. आंब्याखाली पाठ करून बसला.

साहेब आले, फिरले, पाणी ओतून बघितलं, दारं लावून बघितली. आतल्या खोलीत जरा रेंगाळले आणि म्हणाले, "घरासारखं वाटतंय." मग वही मागितली. मी त्यांच्यासमोर सतरा नंबरवर रेघ ओढली, खाली 'निरंक' लिहिलं, आणि त्यांनी सही केली.

जीप गेली आणि बारा-साडेबाराला चंद्राची बैलगाडी आली. एक ट्रंक, स्टोव्ह, गुंडाळी. ती इतकी आनंदात होती, की मला झाल्या गोष्टींची लाज वाटायला लागली. "किल्ली दे, मी उघडणार," म्हणाली. आत गेली. मी आणि गाडीवान पडवीत ट्रंक उतरवत होतो. मला आतून तिचं बोलणं ऐकू आलं.

"हो ना, खुंटी हाताला येते अगदी. नाही, नाही, तुम्ही कशाला, मी करते. कुठे, इथे?"

मला वाटलं, धोंडाबाई भीड मोडून आत गेली. बरं वाटलं. मग गाडीकडे नजर गेली. धोंडाबाई बैलांना पाणी दाखवत उभी होती, आणि तिलाही ते बोलणं ऐकू येत होतं.

मी धावलो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, चार बोटं फट होती. चंद्रा कोनाड्याशी, भिंतीला तोंड करून उभी होती. तिचा उजवा हात वर होता आणि तळवा भिंतीवर फिरत होता, सरसर, सावकाश. त्या हाताशेजारी दुसरा हात होता. कोपरापर्यंत चुन्यानं पांढरा. तोही त्याच गतीनं फिरत होता. चंद्रा आणि भिंत ह्यांच्यात वीतभरसुद्धा जागा नव्हती, आणि तो हात तिच्या पलीकडून आला होता.

मी दार ढकललं. चंद्रा एकटी होती. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, जरा नवलानं.

मी तिला बाजूला केलं आणि बहिरूची हातोडी उचलून त्या जागेवर मारली. पुन्हा मारली. हातोडी उडून परत येत होती. टवका उडाला नाही, ओरखडा उठला नाही. माझ्या तळव्याची सालं निघाली तरी मी मारत होतो. कौल काढतो, खिडकी फोडतो, असं काहीबाही बडबडत खिडकीच्या काचेवर घाव घातला. काच वाजली आणि तशीच राहिली.

"साहेब, असू द्या," चंद्रा मागून म्हणाली. "सगळं झालंय आता."

ती चेष्टा करतेय असं मला वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

६

ह्याला सहा वर्षं झाली. चंद्राबाई चांगली नर्स आहे, कुणालाही विचारा. घोटावड्यापासून बाया तिच्याकडे बाळंतपणाला येतात, आणि तिचा हात हलका आहे म्हणतात. जेवते, हसते, अंगानं सुधारली आहे. इमारतीची तर तक्रारच नाही. सहा पावसाळ्यांत एक थेंब गळला नाही. मी दर वर्षी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवतो, की मागची आतली खोली पाडून नव्यानं बांधावी. तो दर वर्षी परत येतो, कारण दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नाही. बहिरूनं गवंडीकाम सोडलं, शेरडं राखतो. मी सांगितलं नव्हतं का, असं तो मला एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

विधवेनं ओवाळू नये म्हणतात, पण चंद्रा मला दर भाऊबीजेला ओवाळायची. आई रागवायची, तर म्हणायची, भाऊ माझा आहे, लोकांचा नाही. म्हणून मी अजून दर भाऊबीजेला रिह्याला जातो. पेशंटांच्या बाकावर बसतो. ती चहा आणून देते.

यंदाही गेलो. म्हटलं, "चंद्रा, पौडला चल दोन दिवस. आई आता अंथरुणावरच आहे, सारखं तुझं नाव घेते."

तिनं फार आपुलकीनं ऐकून घेतलं. आईला काय होतंय ते नीट विचारलं, एका पुडीत औषध बांधून दिलं, कसं द्यायचं ते दोनदा सांगितलं. मग मला सोडायला पायरीपर्यंत आली.

"साहेब, एवढ्या लांबून येता, बरं वाटतं," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीला विचारलं म्हणून सांगा. बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

सांगतो म्हटलं, आणि पुडी खिशात घालून फाट्याकडे चालायला लागलो.